एकाच वारुळाची माशी

योहान बाप्टिस्ट फॉन स्पिक्स हा काही कच्चा निसर्गतज्ज्ञ नव्हता. १८१७ ते १८२० या काळात तो ब्राझीलमध्ये हिंडला आणि प्राणी-पक्ष्यांच्या नमुन्यांच्या पेट्याच्या पेट्या घेऊन म्युनिकला परतला. ब्राझीलमधला एक निळा पोपट आजही त्याच्या नावानं ओळखला जातो. एवढं जंगल पालथं घातलेला हा माणूस घरी आल्यावर बव्हेरियात, श्टार्नबेर्गच्या सरोवराकाठी आमरलांड गावाजवळ, एका बोटाच्या पेरापेक्षा लहान जिवापाशी अडला. पाठ घुमटासारखी, तिच्यावर जाळीदार नक्षी. पोट सपाट. पाय नाहीत, डोकं शोधून सापडत नाही, आणि चालतो म्हणजे सरकतो. स्पिक्सनं त्याचा नीट अभ्यास केला, ही जमिनीवरची नवी गोगलगाय आहे असं ठरवलं, आमरलांडवरून तिला नाव दिलं आणि तसा प्रबंध अकादमीपुढे ठेवला. त्याच सुमारास आणखी एका जर्मन अभ्यासकाला तोच जीव मिळाला. त्यानं त्याला दुसरं नाव दिलं आणि पुन्हा गोगलगायींतच बसवलं.

ती गोगलगाय नव्हती. ती माशीची अळी होती. मुंग्यांच्या वारुळात राहून त्यांचीच पिल्लं खाणाऱ्या मायक्रोडॉन नावाच्या माशीची.

कीटकांवर बोलणारी माणसं ही गोष्ट हमखास सांगतात आणि ऐकणारे हमखास हसतात. मला मात्र स्पिक्सचं हसू येत नाही. मी या अळीचे फोटो पाहिले आहेत, एकदा अळीही पाहिली आहे, आणि आधी कुणी सांगितलं नसतं तर मला ती अर्ध्या कापलेल्या सुपारीसारखी वाटली असती. तिच्यात माशी शोधायचं डोक्यातही आलं नसतं. मजेची गोष्ट अशी की हा आकार कुणाच्या डोळ्यांना फसवण्यासाठी नाहीच. वारुळात मिट्ट काळोख असतो. तिथे कोण कसं दिसतं याला काडीचं महत्त्व नाही. घुमटाची कड जमिनीला घट्ट टेकलेली असते, म्हणजे एखाद्या मुंगीला संशय आलाच तर तिच्या जबड्यात धरायला कोपरा मिळत नाही. आकाराचा उपयोग असलाच तर एवढाच. खरी फसवणूक वासाची आहे, आणि या माशीत मी गुंतले ती त्या वासामुळेच.

मी ग्लासगोत राहते आणि एका तपासणी प्रयोगशाळेत काम करते. माझा दिवस गॅस क्रोमॅटोग्राफ नावाच्या यंत्रापुढे जातो. नमुन्याचा एक थेंब तापवून त्याची वाफ करायची, ती लांबलचक बारीक नळीतून सोडायची. हलके घटक आधी बाहेर पडतात, जड मागून. प्रत्येकाचं कागदावर एक शिखर उमटतं. पुरेशी वर्षं हे केलं की शिखरांची रांग पाहूनच तेल शेंगदाण्याचं आहे की पामचं, ते कळायला लागतं. मुंग्यांच्या अंगावरच्या मेणाचा असाच आलेख मी पहिल्यांदा एका शोधनिबंधात पाहिला, तेव्हा मला ओळखीचं माणूस अनोळखी गावात भेटल्यासारखं झालं.

प्रत्येक कीटकाच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो. मुळात तो अंगातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून. त्यात हायड्रोकार्बनच्या लांब साखळ्या असतात: २३ कार्बनची, २५ची, २७ची, २९ची, काहींना मध्येच फाटा फुटलेला, काहींत दुहेरी बंध. मुंग्यांनी या पाणी राखणाऱ्या थराचाच ओळखपत्र म्हणून उपयोग करून घेतला. दोन मुंग्या समोरासमोर येतात, मिशा एकमेकींवर फिरवतात, आणि क्षणार्धात निकाल लागतो, आपली की परकी. एका जातीच्या सगळ्या वारुळांत घटक बहुतेक तेच असतात, प्रमाण वेगळं. या घरात २७चं शिखर उंच, पलीकडच्या घरात २९चं. एकमेकींना चाटून आणि तोंडातून तोंडात अन्न देऊन मुंग्या हे मिश्रण घरभर सारखं करत राहतात. म्हणजे घराचा वास कुणा एकीचा नसतो, सगळ्यांचा मिळून असतो, आणि तो रोज नव्यानं कालवला जातो.

आता या घरात शिरायचं कसं?

काही पाहुणे दारातच थांबतात. आपल्याकडच्या मलाया नावाच्या डासांचं मला फार कौतुक वाटतं. हे डास रक्त पीत नाहीत. झाडावर ये-जा करणाऱ्या क्रिमॅटोगॅस्टर मुंगीपुढे हा डास उभा राहतो, तिला अडवतो, आणि तिच्या तोंडात आपली सोंड घालून तिनं आणलेला गोड थेंब ओढून घेतो. मुंगी पुढे निघून जाते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जावा बेटावर हे पहिल्यांदा नोंदवलं गेलं, पण डास भारतातही आहे, आणि त्याच्या अळ्या अळवाच्या पानांच्या बेचक्यात साठलेल्या पाण्यात वाढतात. सावंतवाडीला आमच्या मागच्या दारी न्हाणीच्या पाण्यावर अळू माजलेलं असायचं. त्या अळवाची फतफतं मी खूप खाल्ली, पण त्याच्या बेचक्यात कधी डोकावून पाहिलं नाही.

काही पाहुणे आत शिरतात, पण फारसं नुकसान करत नाहीत. अमेरिकेत टेक्सासमध्ये विल्यम मॉर्टन व्हीलर या मुंग्यांच्या मोठ्या अभ्यासकाला १९०१ साली एका बारीक माशीची अळी सापडली. ती मुंगीच्या अळीच्या गळ्याभोवती पट्ट्यासारखी गुंडाळून बसते. कामकरी मुंगीनं आपल्या पिल्लापुढे किड्याचा तुकडा ठेवला की हा पट्टा जरा सैल होतो, आपला घास घेतो आणि पुन्हा गळ्याला बिलगतो. हे शब्दशः पंक्तीला बसणं झालं.

मायक्रोडॉन पंक्तीला बसत नाही. ती पंक्तच खाते.

फुलांवर हेलिकॉप्टरसारख्या एका जागी थांबून राहणाऱ्या, मधमाशीच्या रंगरूपाच्या माश्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. मायक्रोडॉन त्यांच्याच कुळातली, पण घराण्याचा एकही गुण तिनं घेतलेला नाही. ती फुलांकडे फिरकत नाही. तोंडाचे अवयव इतके खुरटलेले की खाण्यापिण्याचा प्रश्नच नाही. अंग बसकं, त्यावर पिवळट तपकिरी लव, उडणं जड आणि आळशी. पंख फुटल्यानंतर ती थोडेच दिवस जगते, तेही बहुतेक जन्माच्या वारुळाच्या आसपासच घुटमळत. तिचं खरं आयुष्य त्याआधी दगडाखाली होऊन गेलेलं असतं. एका आईच्या पोटच्या अळ्यांतल्या काही एका वर्षात वाढून बाहेर पडतात आणि काही दोन वर्षं आत राहतात, असंही दिसून आलेलं आहे. सगळी पोरं एकाच सालच्या नशिबावर टाकायची नाहीत, हा हिशेब आमच्या कोकणातल्या कुठल्याही शेतकऱ्याला समजेल.

अळी आत काय करते ते अमेरिकेच्या वायव्य भागातल्या मायक्रोडॉन जातींवर बारकाईनं तपासलं गेलं. लहान वयाच्या अळ्या अंग दुमडून मुंग्यांच्या कोषासारखा आकार घेतात. वारूळ उघडं पडलं की कामकरी मुंग्या आपले कोष उचलून आत पळतात, आणि त्या धांदलीत या अळ्यांनाही उचलून सुखरूप आत नेऊन ठेवतात. तिथे, सगळ्यात सुरक्षित खोलीत, अळी शेजारच्या कोषाला भोक पाडते आणि आतला जीव फस्त करते. मोठी झालेली अळी आपली घुमटी कड अलगद उचलते, मुंगीच्या पिल्लाला खाली ओढते आणि झाकण लावून घेते. दाया आजूबाजूला फिरत असतात. कुणाला काही खटकत नाही. एका अळीच्या वाढीत मुंग्यांची शंभरावर पिल्लं जाऊ शकतात.

१९९० साली अमेरिकन संशोधकांनी या अळ्यांच्या अंगावरचं मेण क्रोमॅटोग्राफवर चालवलं. ते मुंग्यांच्या पिल्लांच्या मेणाशी जुळलं. मग पुढचा प्रश्न असा होता की हा वास अंगाला घासून घासून लागलेला, म्हणजे उसना आहे, की अळीनं स्वतः बनवलेला? निदान एका जातीत तरी उत्तर मिळालं: अळी ते हायड्रोकार्बन आपल्या शरीरातच तयार करते. हे वाचून मी खुर्चीत ताठ बसले. उसना वास कुठल्याही घरात लावून घेता येतो. आज या वारुळात, उद्या त्या. पण वास बनवण्याचं यंत्रच अंगात असेल तर तो वास वंशपरंपरेनं येणार. आणि वंशपरंपरेनं आलेला वास एकाच प्रकारच्या दाराला चालणार.

तो किती एका प्रकारच्या, हे स्कॉटलंडच्या पश्चिमेला, आइल ऑफ मल या बेटावरच्या माश्यांनी दाखवलं.

ग्लासगोहून मल फार लांब नाही. ओबानपर्यंत गाडी आणि तिथून क्रेगन्यूरला जाणारी बोट. आमच्या हौशी निसर्गनिरीक्षकांच्या गटाबरोबर मी गेले ती मे महिन्याच्या अखेरीला. मायक्रोडॉन शोधणं म्हणजे माशी शोधणं नव्हे, हे पहिल्या तासातच कळलं. उडणाऱ्या माशीच्या मागे लागणारा इथे रिकाम्या हातानं परततो. इथे दगड उलथायचे असतात. उन्हाला तोंड करून असलेल्या उतारावरचे चपटे दगड, कुजकी खोडं. खाली फॉर्मिका लेमानी या काळपट, चपळ मुंग्यांचं घर असलं, की वरच्या दालनात, दगडाला अगदी लगटून, तपकिरी टणक कोष मिळू शकतो, पुढच्या बाजूला दोन इवली शिंगं असलेला. ती शिंगं म्हणजे श्वासाची नळकांडी. माशी वरच्या मजल्यावर येऊन कोषात जाते, कारण बाहेर पडताना तिला घाई करावी लागते. अळीचा वास अळीबरोबर संपतो. पंख फुटलेल्या माशीला मुंग्या ओळखतात आणि सोडत नाहीत. म्हणून ती भल्या सकाळी, मुंग्या गारठलेल्या असतानाच निसटते.

आमच्या गटातले एक वयस्कर गृहस्थ दगड उचलताना नेहमी स्वतःच्या दिशेनं उलथत. मला वाटलं, कंबर जपत असतील. ते म्हणाले, पलीकडे उलथला तर तू आणि वारूळ यांच्यामध्ये दगड येत नाही, आणि इथे दगडाखाली विषारी साप निघतो. फुरशाच्या मुलखात वाढलेल्या मुलीला हे एका स्कॉटिश आजोबांनी शिकवावं!

रात्री आईचा फोन आला.

"अगो, म्हणजे तू बोटीत बसून दगड उलथायला गेलीस?"

"हो."

"आणि पोरं खातात तरी मुंग्या गप्प बसतात?"

मी वासाचं सांगितलं. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सगळ्याच मुंग्या येड्या का गो? एखादं तरी घर शहाणं असेलच की." आईनं आयुष्यात जीवशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नाही, पण तिनं नेमकं तेच विचारलं जे विचारायला हवं होतं.

ग्रॅहॅम एल्म्स, जेरेमी थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली जे प्रसिद्ध केलं ते याचं उत्तर म्हणून वाचता येतं. त्यांनी मायक्रोडॉनच्या माद्यांची अंडी घेतली आणि ती वेगवेगळ्या वारुळांतल्या मुंग्यांपुढे ठेवली. सगळ्या मुंग्या एकाच जातीच्या, फॉर्मिका लेमानी. ज्या वारुळात आई वाढली त्याच वारुळाच्या मुंग्यांपुढे ठेवलेली ९५ टक्क्यांहून अधिक अंडी वाचली. जसजसं आईच्या वारुळापासूनचं अंतर वाढत गेलं तसतशी वाचणारी अंडी झपाट्यानं घटली, आणि काही किलोमीटर पलीकडच्या वारुळांत जवळजवळ एकही वाचलं नाही. मुंग्यांनी ती ओळखली आणि खाल्ली. अंड्यावर आईनं चढवलेला कसला तरी रासायनिक लेप असावा, आणि त्याचा असर चार-पाच दिवसच टिकतो, असा निष्कर्ष निघाला.

म्हणजे माझ्या आईचं बरोबर होतं. शहाणी घरं आहेत. किंबहुना जवळजवळ सगळीच शहाणी आहेत. माशीला चालणारं घर म्हणजे तिनं जिथे जन्म घेतला ते आणि त्याचे भाऊबंद. ती जन्मठिकाणापासून लांब जात नाही याचं कारण मी आधी पंखांच्या आळसात शोधत होते. लांब जाऊन करणार काय? दोन डोंगर ओलांडले की तिची अंडी म्हणजे मुंग्यांचा नाश्ता.

पण इथे एक गाठ पडते, आणि या सगळ्या प्रकरणातली मला सर्वात आवडलेली गोष्ट ती गाठ सुटण्याची आहे.

परोपजीवी आणि त्याचा यजमान यांच्यात चढाओढ असते असं आपण शिकतो. फसणारी घरं पिल्लं गमावतात, ओळखणारी घरं वाढतात, होता होता सगळीकडे ओळखणाऱ्यांचीच प्रजा होते. त्या हिशेबानं मलवरची भोळी वारुळं केव्हाच संपायला हवी होती आणि त्यांच्याबरोबर ही एकाच घराला बांधलेली माशीही. माशीनं इतकं टोकाचं घरजावईपण पत्करणं म्हणजे आत्महत्या वाटते. तरी ती आहे, त्याच उतारावर, त्याच दगडांखाली, पिढ्यानपिढ्या.

कार्स्टन श्योनरॉग आणि त्याच गटातल्या इतरांनी २००६ साली याचा उलगडा मांडला. त्यांनी मायक्रोडॉन असलेली आणि नसलेली वारुळं ताडून पाहिली. ज्या वारुळांत माशीच्या अळ्या होत्या त्यांत नव्या राण्या जास्त तयार होत होत्या. कमी नव्हे, जास्त.

कसं ते समजून घ्यायला मुंग्यांच्या घरातला एक साधा नियम लक्षात ठेवावा लागतो. राणी आणि कामकरी या जन्मतः दोन वेगळ्या जाती नसतात. मादी पिल्लू राणी होणार की कामकरी हे बरंचसं त्याला मिळणाऱ्या खाण्यावर ठरतं. या मलवरच्या मायक्रोडॉनची अळी मुख्यतः अंडी आणि बारीक पिल्लं खाते. मोठ्या पिल्लांना ती फारसा हात लावत नाही. मग होतं काय, की दाया तितक्याच राहतात आणि भरवायची तोंडं कमी होतात. उरलेल्या पिल्लांच्या वाट्याला दरडोई जास्त खाणं येतं, ती मोठी होतात, आणि त्यांच्यातल्या जास्त जणी राणीच्या वाटेनं जातात. या नव्या राण्या फार लांब न जाता आसपासच बस्तान बसवतात. आणि त्या कुणाच्या लेकी? माशीला न ओळखणाऱ्या घराच्या. म्हणजे माशी ज्या घरात खाते त्याच घराच्या लेकी आजूबाजूला नांदवते. न ओळखण्याचा गुण त्या बरोबर घेऊन जातात, आणि माशीच्या नातवंडांसाठी उतारावर चार नवी दारं उघडी होतात.

कामकरी मुंग्यांच्या संख्येत त्या घराचं नुकसान होत असणार. ते कुणी नाकारत नाही. पण वंश मोजायचा तर राण्या मोजाव्या लागतात, आणि तिथे पारडं उलटं फिरतं. आयत्या बिळावर नागोबा, असं आपण वारुळाकडेच बघून म्हणत आलो, आणि बांडगूळ हा शब्द तर शिवी म्हणूनच वापरतो. या माशीला त्यातलं काहीच नीट बसत नाही. ती लुटते आणि लुटलेल्या घराचा विस्तार करते. तिच्या मनात काही नसतं हे उघड आहे. मनात काही नसताना एवढं घडतं, याचंच मला जास्त वाटतं.

स्थलांतरितांच्या आयुष्यावर बोलायला हे उदाहरण किती सोयीचं आहे, हे मलाही दिसतं. परक्या घरात त्या घरचा वास अंगाला लावून राहणं वगैरे. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात तसा लेख खपलाही असता. पण मी ग्लासगोत कुणाची पोरं खात नाही, तेव्हा ते राहू दे.

या घरजावईपणाचा त्रास झाला तो माणसांना, म्हणजे निसर्ग वाचवू पाहणाऱ्यांना. ब्रिटनमध्ये मायक्रोडॉन म्युटॅबिलिस ही एकच जात आहे आणि ती वेगवेगळ्या मुंग्यांकडे राहते, असं बराच काळ धरून चालले होते. कोरड्या खडकाळ उतारावर फॉर्मिकाकडे, ओल्या दलदलीत गवताच्या झुबक्यांत मिर्मिका स्कॅब्रिनोडिसकडे. दोन्हीकडे राहू शकते म्हणजे तशी धट्टीकट्टी, असा समज. २००२ साली असं निष्पन्न झालं की या दोन वेगळ्या जाती आहेत. उडणाऱ्या माश्या हुबेहूब सारख्या, फरक कोषांच्या मापात आणि यजमानांत. दलदलीतलीला मायक्रोडॉन मिर्मिके असं नाव मिळालं. कागदावर एक जात वाढली, आणि त्याच दिवशी एका दुर्मिळ माशीच्या जागी त्याहून दुर्मिळ अशा दोन झाल्या. कुठल्याही दलदलीत नाला खणून पाणी काढून टाकताना 'ती माशी डोंगरावरही आहे' असं म्हणायची सोय उरली नाही.

याच संशोधकांच्या नावावर ब्रिटनमधलं कीटक वाचवण्याचं सगळ्यात गाजलेलं यश आहे. लार्ज ब्लू नावाचं निळं फुलपाखरू १९७९ साली तिथून नाहीसं झालं. त्याचा सुरवंट सुरुवातीला तुळशीच्या कुळातल्या एका रानटी झुडपावर वाढतो, मग जमिनीवर पडतो, मुंग्या त्याला आपलं पिल्लू समजून घरी नेतात, आणि पुढची कथा मायक्रोडॉनसारखीच. जेरेमी थॉमसनं दाखवलं की त्याला मिर्मिका सॅब्युलेटी हीच मुंगी लागते, आणि त्या मुंगीला बोडकं, उन्हानं तापणारं गवत लागतं. १९५०च्या दशकात सशांत साथ आली, ससे मेले, गवत वाढलं, जमीन गार पडली, ती मुंगी हटली, फुलपाखरू गेलं. हे कळल्यावर गुरं चारून गवत आखूड केलं आणि १९८३ पासून स्वीडनमधून फुलपाखरं आणून सोडली. ती रुजली.

स्वीडनचं फुलपाखरू इंग्लंडच्या वारुळात चाललं, कारण त्याला जात जुळली की पुरतं. मायक्रोडॉनच्या बाबतीत ही युक्ती मनातल्या मनात करून बघा. मलवरच्या माद्या उचलून दुसऱ्या बेटावर सोडल्या, मुंगी तीच, दगड तसेच, ऊन तसंच. चार दिवसांत अंडी साफ. एका उतारावरची माशी गेली की ती त्या उतारावरून कायमची गेली असं समजावं लागतं. गवत कापून काही होणार नाही. माझ्या मते दुर्मिळ प्राण्यांच्या याद्या करणाऱ्यांनी 'किती उरले' या रकान्याशेजारी 'किती ठिकाणी चालतील' असा एक रकाना ठेवायला हवा. एखाद्या माशीची संख्या हजारात असेल आणि तरी तिचं जगणं चार दगडांवर अवलंबून असेल.

आपल्याकडे या माश्या आहेत. एन्रिको ब्रुनेट्टीनं १९२३ साली 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया'च्या माश्यांवरच्या तिसऱ्या खंडात त्यांची वर्णनं केली. काहींची कंबर कुंभारमाशीसारखी इतकी बारीक की टाचणीला लावलेली असली तरी हात मागे घ्यावासा वाटतो. पण ती बहुतेक टाचणीवरच्या माश्यांचीच वर्णनं. मायक्रोडॉनच्या सगळ्या कुळाचं जागतिक वर्गीकरण २०१३ साली नव्यानं झालं तेव्हा साडेचारशेच्या आसपास जाती मोजल्या गेल्या, आणि त्यांतल्या थोड्याच जातींच्या अळ्या कुणी पाहिलेल्या आहेत. उरलेल्यांच्या वाट्याला नाव, पंखांच्या शिरा आणि सापडल्याची तारीख.

आणि सह्याद्रीत मुंग्यांची घरं काय कमी आहेत? झाडावर शेणाच्या गोळ्यासारखं दिसणारं क्रिमॅटोगॅस्टरचं घर असतं, ज्याला भोक पाडून तांबूस सुतारपक्षी सरळ आत अंडी घालतो. आंब्याची पानं शिवून बसलेल्या तांबड्या मुंग्या असतात. त्यांच्या घरट्यात चिलखतासारख्या कातडीचं एक फुलपाखराचं सुरवंट राहतं आणि त्यांचीच पिल्लं खातं, हे भारतातही नोंदलेलं आहे. जांभ्याच्या सड्यावरच्या सुट्या दगडांखाली तर कोण कोण राहतं याची मोजदाद नाही. सड्यांवर पावसाळ्यात फुलं बघायला गाड्या भरून माणसं जातात. दगडाखाली बघायला जाणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

जाणाऱ्यांसाठी थोडं, जे मला मलवर शिकायला मिळालं. दगड आपल्या दिशेनं उलथायचा, तोंड लांब ठेवून. फुरसं पुस्तकात वाचून बसत नाही. दगड चपटा आणि उन्हातला निवडावा. पिल्लांच्या आणि कोषांच्या ढिगात न हलणारा, घुमटी, जाळीदार ठिपका दिसला की आधी फोटो, खाली मोजपट्टी धरून. शिंगंवाला कोष रिकामा असेल तर त्याचं झाकण उडालेलं असतं; तो उचलायला हरकत नाही, माशी गेलेली असते आणि रिकाम्या कोषावरूनही बरंच कळतं. भरलेला कोष तिथेच राहू द्यावा. मुख्य म्हणजे त्याच वारुळातल्या चार-पाच कामकरी मुंग्या अल्कोहोलच्या कुपीत घ्याव्यात आणि कुपीवर जागा, तारीख पेन्सिलीनं लिहावी, कारण शाई अल्कोहोलमध्ये पसरते. मुंगी न घेता नुसता माशीचा कोष आणला तर आमच्या गटातले ते आजोबा सरळ म्हणायचे, अर्धीच नोंद आणलीस, परत जा.